सामायिक जबाबदारी की जबाबदारीची वाटणी? जामखेडचा ग्रंथ आणि डिजिटल आरोग्य धोरण : एक चिकित्सक वाचन

१. प्रास्ताविक

आरोग्य ही एकट्या डॉक्टरची किंवा एकट्या शासनाची बाब नसून तीत समाजाचाही वाटा असतो, हे विधान आज सर्वमान्य झाले आहे. १९७८ च्या आल्मा-आटा जाहीरनाम्यानंतर जवळपास प्रत्येक आरोग्यविषयक दस्तऐवजात 'लोकसहभाग' आणि 'सामायिक जबाबदारी' हे शब्द आढळतात. मात्र एखादा शब्द सर्वांना मान्य होतो, तेव्हा त्याचा नेमका अर्थ काय, हे विचारण्याची गरज अधिक निर्माण होते. जबाबदारी सामायिक आहे असे म्हणताना ती कोणाकोणात सामायिक आहे, कोणत्या प्रमाणात आहे आणि चूक घडल्यास उत्तर कोणी द्यायचे, हे प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतात.

प्रस्तुत लेखात या प्रश्नांच्या आधारे दोन भिन्न प्रकारच्या संहितांचे वाचन केले आहे. पहिली संहिता म्हणजे डॉ. मेबल व डॉ. रजनीकांत आरोळे यांनी लिहिलेला व १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला 'जामखेड' हा इंग्रजी ग्रंथ. तत्कालीन अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे १९७० मध्ये सुरू झालेल्या समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्पाची ती कहाणी आहे. दुसरी संहिता म्हणजे राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियानासाठी डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेले आरोग्य माहिती व्यवस्थापन धोरण. एक ग्रंथ अनुभवकथनाचा, तर दुसरा दस्तऐवज प्रशासकीय. अशा दोहोंची तुलना कितपत न्याय्य, अशी शंका येथे घेतली जाऊ शकते. परंतु दोन्ही संहिता एकाच प्रश्नाचे उत्तर देऊ पाहतात : सामान्य माणसाच्या आरोग्याची काळजी अनेकांनी मिळून घ्यायची असेल, तर त्या अनेकांचे परस्परांशी नाते कसे असावे? या एका प्रश्नापुरती ही तुलना मर्यादित आहे.

२. 'सामाईक' या शब्दाचे दोन अर्थ

आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला 'सामाईक' हा शब्द सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून परिचित आहे. सामाईक विहिरीत कोणाचा किती हिस्सा आणि पाण्याची पाळी कोणाची कधी, हे ठरलेले असते. पाणी उपसण्याचा हक्क असा स्पष्ट असला, तरी विहिरीतील गाळ कोणी काढायचा, ढासळलेले बांधकाम कोणी सावरायचे, हे बहुधा ठरलेले नसते. परिणामी उपशाच्या वेळी विहीर सर्वांची असते आणि दुरुस्तीच्या वेळी ती कोणाचीच नसते. भाऊबंदकीच्या कित्येक तंट्यांचे मूळ याच संदिग्धतेत आहे.

सार्वजनिक सेवांच्या बाबतीतही हाच भेद उपयोगी पडतो. जबाबदारी या एका शब्दात तीन वेगळ्या कल्पना अंतर्भूत आहेत. पहिली कर्तव्याची : काम कोणी करायचे. दुसरी उत्तरदायित्वाची : काम का झाले नाही, याचे उत्तर कोणी द्यायचे. तिसरी दायित्वाची : झालेली हानी कोणी भरून द्यायची. कर्तव्य अनेकांत वाटले जाऊ शकते, किंबहुना मोठ्या सेवेत ते वाटलेच पाहिजे. उत्तरदायित्व मात्र वाटत गेले की पातळ होत जाते आणि दायित्व वाटता वाटता नाहीसेही होऊ शकते. सामायिक जबाबदारीविषयीचे कोणतेही लेखन तपासताना या तिन्हींपैकी नेमके काय सामायिक केले जात आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते. पुढील विवेचनात हीच कसोटी वापरली आहे.

३. जामखेडच्या ग्रंथातील जबाबदारीची कल्पना

आरोळे दांपत्याने जामखेडला कामास आरंभ केला, तेव्हा हा तालुका अवर्षणग्रस्त, दळणवळणाच्या दृष्टीने मागास आणि जातिव्यवस्थेच्या ताणांनी ग्रासलेला होता. १९७१ मध्ये प्रकल्पक्षेत्रातील बालमृत्युदर हजारी १७६ असल्याचे प्रकल्पाने नोंदवले आहे. त्याच नोंदींनुसार १९९० च्या दशकात तो तिशीच्या आत आला. हे यश केवळ औषधांचे नाही, असे ग्रंथाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

ग्रंथातील सर्वांत बोधप्रद भाग यशाचा नसून फसलेल्या योजनेचा आहे. प्रशिक्षित परिचारिका-प्रसाविका गावोगावी ठेवाव्यात, अशी प्रारंभीची कल्पना होती. बाहेरून आलेल्या तरुण परिचारिकेला गावात एकटीने राहणे कठीण गेले आणि गावानेही तिला आपले मानले नाही. तेव्हा गावातीलच एका स्त्रीला तयार करण्याचा मार्ग पुढे आला. ग्राम आरोग्य कार्यकर्ती म्हणून पुढे आलेल्या या स्त्रियांपैकी अनेकजणी निरक्षर होत्या, अनेकजणी दलित व भूमिहीन कुटुंबांतील होत्या. त्या नियमितपणे जामखेडला येऊन शिकत आणि शिकलेले गावात परत नेत. त्यांच्या जोडीला तरुण शेतकरी मंडळे व महिला विकास मंडळे उभी राहिली.

येथे जबाबदारीची वाटणी कशी झाली, हे पाहण्यासारखे आहे. गरोदर स्त्रियांची देखरेख, मुलांचे वजन, जुलाब झालेल्या बालकाला मीठसाखरेचे पाणी, कुष्ठरोग व क्षयरोगाच्या रुग्णांचा पाठपुरावा ही कामे कार्यकर्तीकडे आली. गंभीर रुग्ण फिरत्या पथकाकडे व तेथून जामखेडच्या रुग्णालयाकडे जात. पाणी, धान्य, वनीकरण ही कामे मंडळांनी उचलली. म्हणजे कर्तव्ये वाटली गेली. परंतु उत्तर द्यायला प्रत्येक पातळीवर एक ओळखीचा चेहरा होता. बाळाचे वजन का घेतले गेले नाही, असे विचारायचे झाल्यास कोणाच्या दाराशी जायचे, हे गावाला ठाऊक होते. आणि रुग्णालयाने रुग्णाला परत पाठवले, तर जाब विचारायचा कोणाला, हे कार्यकर्तीला ठाऊक होते. उत्तरदायित्व दोन्ही दिशांनी वाहत होते. ग्रंथातील स्त्रियांच्या जीवनकथा याच कारणाने महत्त्वाच्या ठरतात. त्या केवळ भावस्पर्शी प्रसंग म्हणून येत नाहीत. डॉक्टरच्या ज्ञानाची मक्तेदारी मोडली, की उत्तर मागण्याचे बळ कोठून येते, याचा तो पुरावा आहे.

दुसरी गोष्ट विंधनविहिरींची. पाण्याचे पंप दलित वस्तीत बसतील अशी योजना जाणीवपूर्वक करण्यात आली, जेणेकरून पाण्यासाठी सर्वांना त्या वस्तीत यावे लागेल. सेवेची रचना कोठे आणि कोणाच्या सोयीने उभी राहते, यावर सत्तेचे संबंध अवलंबून असतात, याचे भान या प्रसंगातून व्यक्त होते. तांत्रिक निर्णय हा कधीच केवळ तांत्रिक नसतो. डिजिटल सेवेच्या संदर्भात हे भान अधिकच आवश्यक आहे.

४. डिजिटल आरोग्य अभियान : रचना आणि भाषा

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने डिजिटल आरोग्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाची कल्पना मांडली. २०१८ मध्ये नीती आयोगाने राष्ट्रीय आरोग्य स्टॅकचा आराखडा व २०१९ मध्ये आरोग्य मंत्रालयाने डिजिटल आरोग्याचा मूळ आराखडा प्रसिद्ध केला. १५ ऑगस्ट २०२० रोजी राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियानाची घोषणा होऊन ते प्रथम सहा केंद्रशासित प्रदेशांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाले आणि २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन या नावाने देशभर लागू झाले. पाच वर्षांसाठी १,६०० कोटी रुपयांची तरतूद फेब्रुवारी २०२२ मध्ये मंजूर झाली. नागरिकासाठी चौदा अंकी 'आभा' क्रमांक, डॉक्टर व परिचारिकांची नोंदवही, रुग्णालयांची नोंदवही आणि संमतीच्या आधारे माहितीची देवाणघेवाण हे तिचे मुख्य घटक होत. २०२५ च्या आरंभापर्यंत ७० कोटींहून अधिक आभा क्रमांक तयार झाले होते.

या रचनेत सर्व नागरिकांची माहिती एका ठिकाणी साठवली जात नाही. ती जेथे निर्माण होते तेथेच, म्हणजे त्या त्या रुग्णालयात वा प्रयोगशाळेत राहते आणि रुग्णाच्या संमतीने दुसरीकडे जाते. केंद्रीकरणाचा धोका टाळण्याच्या दृष्टीने ही रचना निश्चितच विचारपूर्वक केलेली आहे. आभा क्रमांक ऐच्छिक असावा, तो नसल्यास उपचार नाकारले जाऊ नयेत, दिलेली संमती मागे घेता यावी, ही धोरणातील तत्त्वेही स्वागतार्ह आहेत. धोरणाचे दोष दाखवताना त्याचे हे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल.

तथापि धोरणाच्या भाषेकडे लक्ष दिल्यास वेगळे चित्र दिसू लागते. जामखेडच्या ग्रंथात माणसे आहेत; धोरणात भूमिका आहेत. ज्याची माहिती आहे ती व्यक्ती 'डेटा प्रिन्सिपल', माहितीचा वापर ठरवणारा 'डेटा फिड्युशियरी', त्याच्या वतीने ती हाताळणारा 'डेटा प्रोसेसर', माहिती पुरवणारा, माहिती वापरणारा आणि या सर्वांमधील 'संमती व्यवस्थापक', अशी ही पात्रयोजना आहे. प्रशासकीय दस्तऐवजाला व्याख्यांची गरज असते हे मान्य. परंतु या पात्रयोजनेत एक व्यक्ती जवळजवळ अदृश्य आहे : जी प्रत्यक्षात ही माहिती गोळा करते ती. आशा कार्यकर्ती, आरोग्यसेविका, अंगणवाडी सेविका आणि ग्रामीण रुग्णालयातील नोंदणी-खिडकीवरचा कंत्राटी कर्मचारी यांच्याशिवाय एकही नोंद तयार होत नाही. धोरणाच्या भाषेत मात्र ते कोणत्या तरी 'फिड्युशियरी'चे हात आहेत, स्वतंत्र कर्ते नाहीत.

या भाषेचा परिणाम व्यवहारात कसा होतो, हे आपल्या जिल्ह्याच्या रचनेवरून कळून येईल. संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक आरोग्य हा राज्याचा विषय आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत आरोग्य, महिला व बालविकास आणि समाजकल्याण हे विषय पंचायतींच्या कक्षेत आणले. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, शहरी दवाखाने महानगरपालिका वा नगरपालिकांकडे, तर अंगणवाड्या महिला व बालविकास विभागाकडे आहेत. डिजिटल मिशन केंद्राच्या राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाकडे. म्हणजे एका गरोदर स्त्रीची नोंद आरोग्य विभागाच्या पोर्टलवर होते, तिचा पोषण आहार पोषण ट्रॅकरवर नोंदला जातो, मातृवंदना योजनेच्या अनुदानासाठी तिचे बँक खाते आणखी एका पोर्टलवर जाते आणि बाळाच्या लसीकरणाची नोंद आणखी निराळीकडे. या नोंदींत तफावत आढळली, तिचे नाव चुकले वा अनुदान दुसऱ्याच खात्यात गेले, तर तिने कोणत्या दारावर उभे राहावे? पाणी उपसणारे अनेक आहेत. गाळ काढणाऱ्याचे नाव उताऱ्यावर नाही.

५. संमती : जबाबदारीचे हस्तांतर

धोरणाचा कणा संमती हा आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे घोषित केल्यानंतर संमतीला हे स्थान मिळणे स्वाभाविक होते. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियमाने तिला कायद्याचा आधार दिला. या अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत.

संमतीची कल्पना लिहिता-वाचता येणारा, स्वतःचा मोबाईल असलेला, सूचना वाचून निर्णय घेणारा नागरिक गृहीत धरते. ग्रामीण वास्तवात मोबाईल पुष्कळदा घरातील पुरुषाचा असतो. ओटीपी त्याच्याकडे येतो, सांगितला जातो खिडकीवर, आणि संमती नोंदली जाते स्त्रीच्या नावे. गर्भपात, क्षयरोग, एचआयव्ही, मानसिक आजार यांसारख्या बाबतींत या फरकाचे परिणाम किती गंभीर होऊ शकतात, हे सांगण्याची गरज नाही. यापेक्षाही मूलभूत प्रश्न असा, की संमती दिल्यानंतर जबाबदारी कोणाकडे जाते? 'आपण संमती दिली होती' हे वाक्य रुग्णाच्या हक्काचे रक्षण करते, तसेच ते संस्थेच्या बचावाचे साधनही होते. संमती हा हक्क असला पाहिजे. ती जबाबदारीचे हस्तांतर ठरता कामा नये.

२०२३ च्या अधिनियमाची या दृष्टीने तपासणी केल्यास त्यात आशादायक व चिंताजनक असे दोन्ही घटक सापडतात. आपसातील करार काहीही असला, तरी अधिनियमाच्या पालनाची जबाबदारी माहितीच्या विश्वस्ताचीच राहील आणि प्रोसेसरने केलेल्या कामासाठीही तोच जबाबदार असेल, असे कलम ८ सांगते. उत्तरदायित्व कंत्राटदाराकडे ढकलता येणार नाही, अशी ही महत्त्वाची तरतूद आहे. सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु हा दंड भारताच्या संचित निधीत जमा होतो. ज्याची माहिती फुटली त्याला या अधिनियमाखाली भरपाई मिळत नाही. म्हणजे उत्तरदायित्व आहे, दायित्व नाही. उलट कलम १५ नुसार नागरिकावरही कर्तव्ये आहेत आणि त्यांच्या भंगासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ज्या स्त्रीचा अर्ज दुसऱ्याने भरला, तिच्यावरही या कर्तव्यांचा भार आहे, ही बाब विचार करायला लावणारी आहे.

याच अधिनियमाने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केला. व्यक्तिगत माहिती देण्यासंबंधी त्या कलमातच असलेली व्यापक लोकहिताची कसोटी काढून टाकण्यात आली. आता कलम ८(२) मधील सर्वसाधारण तरतूद तेवढी उरली आहे. माहिती अधिकाराच्या चळवळीत पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे स्थान सर्वश्रुत आहे. लाभार्थ्यांच्या याद्या गावासमोर वाचल्या जाणे, ही सामाजिक सेवांमधील उत्तरदायित्वाची साधी पण परिणामकारक रीत होती. खासगीपणाचे रक्षण आणि कारभाराची पारदर्शकता यांत विरोध असण्याचे कारण नाही. परंतु रुग्णाच्या माहितीचे रक्षण करण्यासाठी आणलेला पडदा कारभाऱ्यांवरही पडला, तर सामायिक जबाबदारीची तपासणी करणार कोण?

६. जबाबदारी खाली घसरते

सामाजिक सेवेच्या क्षेत्रात या प्रश्नाचा एक ठळक अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. मार्च २०२१ मध्ये केंद्राने पोषण ट्रॅकर हे ॲप सुरू केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाईल परत केले. मोबाईल जुने व कमी क्षमतेचे आहेत, दुरुस्तीचा खर्च आपल्याच अंगावर पडतो, ॲप इंग्रजीत आहे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. ॲप केंद्राचे, मोबाईलची खरेदी राज्याची, नेटवर्क खासगी कंपनीचे आणि माहिती भरली नाही म्हणून विचारणा सेविकेला, अशी ही वाटणी होती. या आंदोलनाकडे तंत्रज्ञानविरोध म्हणून पाहणे चुकीचे आहे. आपल्या कर्तव्याबरोबर इतरांचे उत्तरदायित्व आपल्यावर लादले जाऊ नये, अशी ती मागणी होती.

आपल्या जिल्ह्याच्या स्मृतीत अधिक वेदनादायक घटना आहे. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी जिल्हा शासकीय रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून त्या दिवशी ११ रुग्णांचा मृत्यू झाला. त्यानंतर जिल्हा शल्यचिकित्सकांसह वैद्यकीय अधिकारी व परिचारिकांवर कारवाई झाली; एका वैद्यकीय अधिकाऱ्यासह परिचारिकांना अटकही झाली. दोष कोणाचा, हे ठरवणे या लेखाच्या कक्षेत येत नाही. परंतु इमारत, विद्युतव्यवस्था, अग्निसुरक्षेची तपासणी, निधी आणि मंजुरी ही कामे निरनिराळ्या कार्यालयांत वाटलेली असताना दुर्घटनेनंतर कायद्याचा हात सर्वप्रथम खाटेजवळ उभ्या असलेल्या व्यक्तीपर्यंत पोहोचतो, हे त्यातून दिसले. डिजिटल व्यवस्थेत खाटेजवळची व्यक्ती म्हणजे पडद्यासमोर बसलेली व्यक्ती, एवढाच फरक.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या संगणकप्रणालीवर सायबर हल्ला झाला आणि जवळपास दोन आठवडे नोंदणीपासून तपासण्यांपर्यंतचे बरेच काम हाताने करावे लागले. इंग्लंडमध्ये मे २०१७ च्या 'वॉनाक्राय' हल्ल्याने तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या सुमारे एक तृतीयांश ट्रस्टचे काम विस्कळीत केले. त्यानंतर तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने नोंदवले, की हल्ल्याला तोंड देण्याची योजना होती, पण स्थानिक पातळीवर तिची चाचणी झालेली नव्हती आणि त्यामुळे नेतृत्व कोणी करायचे हे लगेच स्पष्ट झाले नाही. त्याच देशात रुग्णांच्या नोंदी एकत्र करण्याची 'केअर डॉट डेटा' योजना लोकांचा विश्वास मिळवू न शकल्याने २०१४ मध्ये थांबवावी लागली व २०१६ मध्ये गुंडाळली गेली. संपन्न, बहुतांशी साक्षर समाजातही सामायिक जबाबदारी कागदावरून आपोआप व्यवहारात उतरत नाही, हा यातून घ्यावयाचा धडा आहे.

७. जामखेडच्या ग्रंथाच्या मर्यादा

येथपर्यंतच्या विवेचनावरून जामखेडचा ग्रंथ आदर्श आणि डिजिटल धोरण सदोष, असा निष्कर्ष कोणी काढल्यास तो एकांगी होईल. ग्रंथाच्या मर्यादा स्पष्टपणे नोंदवणे आवश्यक आहे.

पहिली मर्यादा अशी, की हा ग्रंथ संस्थापकांनीच लिहिला आहे. गावातील स्त्रियांचे आवाज त्यात आहेत, पण ते संस्थापकांच्या निवडीतून व इंग्रजी भाषेतून आपल्यापर्यंत पोहोचतात. गळून गेलेल्या कार्यकर्त्या, न जमलेली गावे यांचा हिशेब त्यात तुलनेने कमी आहे. दुसरी मर्यादा मोबदल्याची. जामखेडची कार्यकर्ती मुख्यतः स्वयंसेवक होती. तिला मिळालेली प्रतिष्ठा, ज्ञान व उपजीविकेची साधने यांचे मोल ग्रंथ योग्यच सांगतो. परंतु पुढे २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशा कार्यकर्तीची योजना आली, तेव्हा स्वयंसेवेची कल्पना उचलली गेली आणि तिच्याभोवतीचा आधार मागे राहिला. मानधन, कामागणिक मोबदला आणि वाढत्या नोंदी यांच्या कात्रीत आजची आशा सापडली आहे. या परिणामाचा दोष ग्रंथाला देता येणार नाही. मात्र सेवाभावाची प्रशंसा करणाऱ्या लेखनातून वेतनाचा प्रश्न झाकला जाऊ शकतो, याची जाणीव वाचकाने ठेवायला हवी.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची आहे. जामखेडची रचना गाव हे एकक मानते. जामखेड, पाथर्डी, शेवगाव या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्यात परततात. गरोदर ऊसतोड मजूर स्त्रीची तपासणी गावात सुरू होते, मध्यावर ती साखर कारखान्याच्या तळावर असते आणि बाळंतपण कोठे होईल हे मुकादमाच्या फेऱ्यावर अवलंबून असते. गावातील कार्यकर्ती, कितीही तत्पर असली, तरी तिच्या मागोमाग जाऊ शकत नाही. येथे सोबत प्रवास करणाऱ्या नोंदीची, म्हणजेच डिजिटल व्यवस्थेची गरज खरी आहे. रक्तगट, हिमोग्लोबिन, घेतलेल्या लसी यांची माहिती तळाजवळच्या आरोग्य केंद्रात मिळाली, तर एखादा जीव वाचू शकतो. म्हणून डिजिटल सेवा हवी की नको, हा प्रश्नच गैरलागू आहे. तिच्यात जामखेडचे उत्तरदायित्व कसे आणायचे, हा खरा प्रश्न होय.

८. काय करता येईल?

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या राज्याच्या कायद्यातच उपलब्ध आहे. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांसाठी पदनिर्देशित अधिकारी, प्रथम व द्वितीय अपील प्राधिकारी आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग अशी साखळी निश्चित केली. सेवा कितीही कार्यालयांतून येवो, उत्तर देणाऱ्याचे पद ठरलेले असते आणि मुदतही. डिजिटल आरोग्य व सामाजिक सेवांतील नोंद दुरुस्त करणे, चुकीची जोडणी काढून टाकणे, संमती मागे घेणे या बाबींसाठी तालुका पातळीवर असा एक अधिकारी निश्चित व्हावा. चूक कोणत्या विभागाची आहे, हे शोधण्याचे काम नागरिकाचे नसून त्या अधिकाऱ्याचे असावे.

दुसरे असे, की माहिती गोळा करणाऱ्या स्त्रीचे स्थान धोरणाच्या संहितेत स्पष्ट शब्दांत आले पाहिजे. तिला मिळणारे साधन, प्रशिक्षण, नोंदीच्या कामाचा मोबदला आणि प्रणालीतील दोषामुळे राहिलेल्या नोंदीबद्दल तिला मिळणारे संरक्षण या बाबी तिच्या सोयीच्या म्हणून गणल्या जाऊ नयेत. सेवेच्या गुणवत्तेच्या अटी म्हणून त्या लिहिल्या जाव्यात. तिसरे, गावाची एकत्रित आकडेवारी, व्यक्तींची नावे वगळून, गावाला परत मिळावी. गावातून वर गेलेली माहिती गावाकडे परत येत नसेल, तर लोकसहभाग हा शब्द निरर्थक ठरतो. ग्रामसभा आणि ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती ही त्यासाठी उपलब्ध व्यासपीठे आहेत.

९. समारोप

जामखेडचा ग्रंथ आणि डिजिटल आरोग्य धोरण यांच्या वाचनातून असे म्हणता येते, की दोन्हींमध्ये जबाबदारी वाटली गेली आहे, परंतु ती वाटण्याची रीत भिन्न आहे. जामखेडमध्ये कर्तव्य वाटले गेले आणि उत्तरदायित्व प्रत्येक पातळीवर एकेका व्यक्तीपाशी स्थिर राहिले. डिजिटल रचनेत कर्तव्याबरोबर उत्तरदायित्वही वाटले गेले, आणि वाटले गेलेले उत्तरदायित्व उतारावरच्या पाण्याप्रमाणे सर्वांत खालच्या पातळीवर, म्हणजे सेविका, परिचारिका आणि शेवटी रुग्ण यांच्याकडे साचू लागले. कलम ८ सारख्या तरतुदी हा उतार बदलू शकतात. त्यांचा वापर कसा होतो, यावर पुढील काही वर्षांत बरेच अवलंबून आहे.

या विषयाचा अभ्यास वैद्यक वा संगणकशास्त्र या शाखांपुरता मर्यादित राहू नये. धोरणाची भाषा तपासणे हे भाषेच्या प्राध्यापकाचे काम आहे, अधिकारांची साखळी तपासणे राज्यशास्त्राचे, सेविकेच्या श्रमाचे मोल मोजणे अर्थशास्त्राचे आणि घरातील मोबाईल कोणाच्या हाती असतो हे पाहणे समाजशास्त्राचे. अहिल्यानगर जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे दरवर्षी खेड्यांतच भरतात. त्या शिबिरांत आभा क्रमांकांची नोंदणी करून देण्याबरोबरच चुकलेली नोंद दुरुस्त व्हायला किती दिवस लागले आणि कोणाकडे किती फेऱ्या माराव्या लागल्या, याची गावनिहाय नोंद विद्यार्थ्यांनी ठेवली, तर या चर्चेला आज ज्याची सर्वाधिक उणीव आहे तो पुरावा मिळू शकेल.